ताई, आधी त्यांना बोलू दे

सोलापूर,
रविवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

लातूरच्या आर्थिक साक्षरता केंद्रात तुझी समुपदेशक म्हणून निवड झाल्याचं तुझ्या आईने गल्लीत सगळ्यांना सांगून झालं आहे. माझ्या आनंदाचं कारण थोडं निराळं. बँकेत मी आयुष्यभर कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत बसलो आणि निवृत्तीनंतर शनिवारी अशोक चौकाजवळच्या समाजमंदिरात कर्ज घेतलेल्यांच्या बाजूला बसू लागलो. तू पहिल्याच दिवसापासून त्या बाजूला बसणार. परवा विचारत होतीस, "अण्णा, लोक येऊन नेमकं काय विचारतात?" फोनवर उरकण्यासारखं ते नाही, म्हणून लिहितो.

कर्जाचं कोणी आधी विचारतच नाही. बिडी वळणारी बाई येते ती पासबुक दाखवून विचारते, गॅसची सबसिडी जमा झाली का. टॉवेलच्या कारखान्यातला माणूस म्हणतो, वीस रुपयांचा अपघात विमा काढायचा आहे. ते काम मन लावून करून द्यायचं. मग उठता उठता, चपला पायात सरकवताना, "साहेब, अजून एक होतं," असं ते म्हणतात. खरी गोष्ट तिथे सुरू होते. पहिलं काम घाईने उरकलंस तर ते दुसरं वाक्य तुला ऐकू येणार नाही. इथे पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. माझी तेलुगू मोडकीतोडकी, पण ती कानावर पडली की बायका खुर्चीत सैलावून बसतात. तुझ्याकडे उदगीरच्या बाजूने कन्नड बोलणारी माणसं येतील. चार वाक्यं शिकून घे.

आता कागद. कोरा कागद त्यांच्यासमोर ठेव आणि त्यांच्या देखत लिही: कुणाकडून घेतले, कधी, हातात किती आले, आजवर किती भरले, समोरचा अजून किती मागतो, गहाण काय आहे, जामीन कोण आहे. हातउसने आणि भिशीची उचलही धरायची, कारण ती कर्जात कोणी मोजत नाही. घरात चार ठिकाणची कर्जं असतात: बायकांच्या गटाचं म्हणजे मायक्रोफायनान्सचं, पतसंस्थेचं, सोनं ठेवून घेतलेलं आणि सावकाराचं. नवऱ्याला त्यातली दोन ठाऊक असतात, बायकोला तीन. पूर्ण बेरीज कुणीच केलेली नसते. ती पहिल्यांदा कागदावर उतरते तेव्हा माणूस गप्प होतो. त्या वेळी तूही गप्प राहा. "एवढं कशाला घेतलंत?" हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. तो त्यांनी स्वतःला रात्र रात्र विचारलेला असतो.

मला इतक्या दिवसांत कळलेली मुख्य गोष्ट सांगतो. अडचणीतला माणूस पैसे भरतो ते दारात येऊन जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याला. आठवड्याचा पगार हातात पडला की तो त्याच्याकडे जातो, मग लाइट बिल राहतं, पोराची फी राहते, सोन्याच्या लिलावाची नोटीस फ्रिजवर पडून राहते. आपलं काम हा क्रम बदलण्याचं आहे. आधी घरभाडं, किराणा, औषधं, वीज, शाळा. मग जिथे घर किंवा सोनं अडकलं आहे ते कर्ज. बाकीच्यांना उरलेल्यातून थोडं थोडं, पण लेखी ठरवून. बँकेला "हप्ता कमी करून मुदत वाढवा" असा अर्ज मुदत चुकण्याआधी गेला तर निदान तो वाचला जातो. असे अर्ज लिहून देणं हे तुझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी काम असेल, बघ.

खर्च कमी करण्याची व्याख्यानं देऊ नकोस. बिडी हजाराच्या भावाने वळून घर चालवणाऱ्या बाईला काटकसर आपण काय शिकवणार? तिला व्याजाचं गणित कोणी मांडून दाखवलेलं नसतं, ते दाखव. सावकाराचे "दहा टक्के" महिन्याचे असतात. वीस हजार घेतले तर दरमहा दोन हजार व्याज, दहा महिन्यांत वीस हजार भरून झाले आणि मुद्दल जागच्या जागी. दुसरं, दुकानदार किंवा फायनान्सवाला "फक्त बारा टक्के" म्हणतो तेव्हा तो ते मूळ रकमेवर धरतो की फेडत जाऊ तशी घटणाऱ्या रकमेवर, हे विचारायला शिकव. एक लाख दोन वर्षांसाठी मूळ रकमेवर बारा टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण ५,१६७ रुपये बसतो आणि घटत्या रकमेवर हिशेब केला तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरत राहणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं.

नियम तोंडपाठ ठेव, कारण समोरच्याची भीती त्यानेच उतरते. कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. मात्र चेक दिला असेल आणि तो परत गेला तर फौजदारी लागू शकते, तेव्हा आधी चेकचं विचार. गटाच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत: घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, दारात यायचं नाही. बायकांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. मग एकमेकींना सांगतात.

बँक किंवा फायनान्स कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार, पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तो अशा तक्रारी ऐकतो. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाही, ती तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. सावकाराचीही तिथेच. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारी व्यवहारात लिहून घेतलेली जमीन परत मागण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं. क्रमांक १५१००.

हे काही आजचं नाही, ताई. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये कायदा आला, तो पुणे, सातारा, नगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागू झाला. कर्जखतावर लिहिलेला आकडा जसाच्या तसा न मानता कर्जाचा मागचा सगळा हिशेब तपासायचा, पैसे भरले की पावती द्यायची, दावा लावण्याआधी तडजोड घडवणारा माणूस नेमायचा, अशा तरतुदी त्यात होत्या. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं. दीडशे वर्षं होत आली, आणि अजूनही निम्म्या लोकांकडे भरलेल्या पैशांची पावती नसते. "पावती कुठाय?" हा प्रश्न प्रत्येकाला विचार.

तरुण मुलं वेगळी. एमआयडीसीत कामाला असलेला एक मुलगा आला होता, मोबाइलवरच्या ॲपमधून सहा-सात हजार घेतलेले. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेलेले, फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवण्याच्या धमक्या. अशा वेळी धमकीचे मेसेज पुसू द्यायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि १९३० वर सायबर तक्रार करायची, नाहीतर थेट पोलीस ठाण्यात. तो बोलताना सारखा भिंतीकडे बघत होता. मी सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का रे?" त्याने होकारार्थी मान हलवली. असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट त्याला बोलता येतं. टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आम्ही तिथेच लावून दिला आणि त्याच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. त्या दिवशी हिशेबाचा कागद काढलाच नाही. तुझ्यावर अशी वेळ येईल तेव्हा तूही काढू नकोस.

काही गोष्टी करायच्या नाहीत. स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत, कितीही जीव तुटला तरी. दिलेस की ज्यांचे पैसे फेडायचे त्यांच्या यादीत तुझंही नाव चढतं आणि पुढच्या वेळी ती बाई तुझ्याकडे यायला लाजते. कुणाला जामीन राहायचं नाही. काम झालं म्हणून कोणी साडी आणेल, सोलापुरी चादर आणेल, गोड बोलून परत पाठव. सल्ला फुकट आहे म्हणूनच तो कुणाच्या बाजूने झुकत नाही. बाजारात "कर्जमुक्त करून देतो" म्हणत आधी फी घेणारे निघाले आहेत. हप्ते बंद करा, कमी रकमेत मिटवून देतो, म्हणतात. मग क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवर, "सेटल्ड" (कमी रकमेत मिटवलं) असा शेरा पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की अडतं. तो रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो, प्रत्येकाचा काढून बघ. भलत्याचंच कर्ज नावावर लागलेलं निघतं कधी कधी.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लातूरच्या लीड बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणाऱ्या बँकेच्या) मॅनेजरांना आणि उपनिबंधक कार्यालयातल्या सावकारी बघणाऱ्या कारकुनाला भेटून ये. चहा घेऊन ओळख करून घे. पुढे तुझे अर्ज त्याच टेबलांवर जाणार आहेत. मी वापरतो त्या हिशेबाच्या तक्त्याच्या पन्नास झेरॉक्स आणि अर्जांचे मराठी नमुने वेगळ्या पाकिटात घालून पाठवतो आहे. तुला जिथे अडेल तिथे खाडाखोड करून मला परत पाठव, मीही तसंच वापरीन.

तुझे,
अण्णा

ता. क. शनिवारी दुपारी माझा फोन बंद असतो, हे तुला माहीत आहे. इतर कुठल्याही वेळी कर.