पुरातत्त्व मंत्र्यांना खुलं पत्र: लामगावच्या गुंफांपुढची माती एकदा नीट उकरून बघा

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. लामगावच्या गुंफा आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहेत. लहान असताना बाबांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मे महिना होता, बाहेर अंग भाजत होतं आणि आत पाय ठेवला तर जांभ्या दगडाचा असा गारवा की परत बाहेर यावंसंच वाटेना. बाबा म्हणाले, हे पांडवांनी एका रात्रीत खणलं. रिवणची गुंफा पण पांडवांची, हरवळ्याची पण पांडवांचीच असं आम्ही ऐकत मोठे झालो, आणि ती गोष्ट मला अजून आवडते. पण कॉलेजात इतिहासाच्या सरांनी सांगितलं की लामगावला बौद्ध भिक्खू राहायचे, हा विहार होता, आणि त्या दिवसापासून हा विषय काही डोक्यातून जात नाही.

सांगायचं मुख्य म्हणजे हे, साहेब. गोव्यातल्या बौद्ध धर्माची खूण म्हणून आपण फक्त गुंफा दाखवतो, पण भिक्खू नुसत्या गुंफेत जगत नव्हते ना. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं म्हणजे पाणी लागतं, भिक्षा घालणारं गाव जवळ लागतं, घाटातून बंदराकडे जाणारी वाट लागते. आणि गोव्यात विहार होता याला लेखी पुरावा आहे, गोव्यावर राज्य करणाऱ्या जुन्या भोज घराण्याच्या काळातला हिरेगुत्तीचा ताम्रपट, ज्यात दीपक विषयातलं (विषय म्हणजे त्या काळचा जिल्हा) सुंदरिका नावाचं आख्खं गाव बौद्ध विहाराला दान दिलंय. दीपक म्हणजे आपली दिवाडी असं काही अभ्यासक मानतात. ज्या विहाराला गाव इनाम मिळतं तिथे धान्य साठवायची जागा असणार, हिशोब ठेवणारा माणूस असणार, चार भिंती तरी असणारच. मग त्या भिंती कुठे आहेत हे आपण शोधायला नको का?

आणि फादर हेरास यांचं काम तर तुमच्या खात्याला माहीतच असेल. स्पेनहून आलेला हा पाद्री, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवायचा, १९२९ ला चांदरला येऊन त्याने खोदकाम केलं आणि पुढच्या वर्षी, १९३० ला, कोलवाळजवळच्या मुशीरमध्ये त्याला बुद्धाची मूर्ती सापडली. ती मूर्ती मुंबईला हेरास इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मी एकदा मुद्दाम तिच्यासाठी मुंबईला गेलो होतो आणि खरं सांगतो, गळा दाटून आला, आपल्या बार्देसच्या मातीतला बुद्ध आणि तो बघायला गोव्याच्या पोरांनी रात्रभर बसने प्रवास करायचा. निदान काही महिन्यांसाठी तरी ती पणजीला आणता आली तर बघा, लोनवर मूर्त्या देतात घेतात म्युझियमवाले.

लामगावलाच खणा असं का म्हणतो ते सांगतो. आपला जांभा वेरूळच्या बेसॉल्टसारखा नाही. ताजा कापला की मऊ, हवा लागली की कडक, म्हणून चिरे काढायला बरा, पण अंगभर भोकं असल्यामुळे बारीक नक्षी किंवा लेख त्यावर धड टिकत नाही, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि शेवाळ. म्हणजे नुसत्या भिंतीकडे बघून ही गुंफा कुठल्या शतकातली हे ठरवणं अवघड. ते ठरतं पुढच्या मातीतून. खापरं, एखादं नाणं, चुलीतला कोळसा, कुठल्या थरात काय मिळालं, कोळशाची कार्बन तपासणी. एकदा जेसीबी फिरला की थर गेले, मग सोनं सापडलं तरी त्याचं वय सांगता येत नाही. आणि आमचा पट्टा खनिजाचा आहे, खाणी परत सुरू झाल्यात, नवीन रस्ते नवीन घरं पण होतायत, म्हणून घाई करतोय.

पवनीचं उदाहरण बघा. भंडारा जिल्ह्यातलं गाव, तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी, आणि आत निघाला स्तूप, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प, ब्राह्मीत लिहिलेली दान देणाऱ्यांची नावं. १९७२ ला तर रिपोर्ट छापून पण आला! मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, रिपोर्ट. खणलं आणि कागद कपाटात राहिले तर खणलं काय आणि न खणलं काय.

लामगावला आता शिवलिंग आहे, नंदी आहे, लोक हात जोडतात, मी पण जोडतो. ते तसंच राहू दे, कुणाचा देव हलवा असं कुणी म्हणत नाहीये. दापोलीकडच्या पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, आधी बौद्ध, नंतर नाथपंथी, आणि दोन्ही काळ तिथे शेजारी शेजारी दिसतात. आपल्याकडे पण तसंच सांगता येईल, पण त्यासाठी आधी कळायला तर पाहिजे.

मी याबद्दल एका सरकारी ऑफिसात दोनदा अर्ज दिला, पोचपावती मिळाली, उत्तर नाही. म्हणून हे उघड लिहितोय. १९७८ चा प्राचीन वास्तूंचा कायदा तुमच्या हातात आहे, त्याखाली गुंफांभोवतीची जमीन मोजून राखीव करा, निदान उत्खनन होईपर्यंत तिथे मशीन लावू नका. नोव्हेंबरनंतर जमीन सुकते, तेव्हा दोन-तीन छोटे चर घ्या, आधी लामगावला, मग मुशीरला. विद्यापीठाची मुलं बोलवा, गावातली पण बोलवा, माती चाळायला आमची माणसं येतील, ग्रामसभेत मी स्वतः उभा राहून विचारीन.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवा त्यांना ताम्रपटाची गोष्ट सांगितली तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग ते भिक्खू पाणी कुठलं प्यायचे रे? मला सांगता आलं नाही.

आपला,
डिचोलीतला एक रहिवासी