कॅनडातल्या किचनरहून पत्र, परवाच्या जेवणाबद्दल

प्रिय सुन्या,

फोनवर सांगायला गेलो तर अर्धवट राहील म्हणून लिहितोय, निवांत वाच. तू जव्हारला आश्रमशाळेत शिकवतोस म्हणून तर तुला सांगायचंच आहे.

परवा इथे एका हॉलमध्ये जेवण होतं, तिकीट काढून जायचं आणि जमलेले सगळे पैसे मोहॉक या इथल्या मूळनिवासींच्या भाषेच्या वर्गांना. ३० सप्टेंबरच्या आसपास इकडे असे कार्यक्रम बरेच होतात, कारण त्या दिवशी ऑरेंज शर्ट डे असतो आणि २०२१ पासून केंद्र सरकारची सुट्टीपण आहे. फिलिस वेबस्टॅड म्हणून एक बाई आहेत, सहा वर्षांच्या असताना १९७३ मध्ये आजीने घेऊन दिलेला नवाकोरा केशरी शर्ट घालून त्या रेसिडेन्शियल स्कूलमध्ये गेल्या आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला, परत मिळालाच नाही. त्यावरून हा दिवस.

या शाळा म्हणजे सरकारचा पैसा आणि चर्चचा कारभार, मूळनिवासींची लेकरं घरातून न्यायची, केस कापायचे, आपल्या भाषेत बोलली की मारायचं. शंभरहून जास्त वर्षं चाललं रे हे, दीड लाखावर मुलं त्यातून गेली, चार हजारांहून जास्त मुलांच्या मृत्यूची नोंद सापडली आहे आणि नोंदच न झालेली किती ते कोणाला माहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या तेव्हा आपण दोघं शाळेत जात होतो, म्हणजे ही काही पणजोबांच्या काळातली गोष्ट नाही.

आमच्या इथून जवळच ब्रॅन्टफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट म्हणून अशीच एक शाळा होती, १८३१ पासून तिथे मुलं ठेवायचे, १९७० ला बंद झालं. मुलं त्याला मश होल म्हणायची, कारण रोज तीच ओटची पांचट लापशी. बाजूला सफरचंदाची बाग होती, राबायचं मुलांनी आणि फळ तोडलं तर शिक्षा. मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी खरवडून ठेवलेली नावं अजून आहेत. ती इमारत पाडा असंही काही जण म्हणत होते, पण सिक्स नेशन्सच्या, म्हणजे मोहॉक धरून इथल्या सहा मूळनिवासी समाजांच्या लोकांनी ठरवलं की पुरावा राहिला पाहिजे, आणि पैसे उभे करून ती दुरुस्त केली. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, आपल्यावर जिथे अत्याचार झाला ती जागा स्वतःच जपायची.

हे माहीत असल्यामुळे असेल, पण ताट समोर आलं तेव्हा मला पटकन खाववेना. जेवणाआधी एका माणसाने मोहॉकमध्ये आभार मानले, आधी माणसांचे, मग जमिनीचे, पाण्याचे, माशांचे, झाडापाल्याचे, पक्ष्यांचे, वाऱ्याचे, चांदण्यांचे, कोणालाही घाई नव्हती, अन्न गार होतंय म्हणून कोणी चुळबुळ केली नाही. मग मका, घेवडा आणि भोपळा. ही तीन पिकं ते एकत्रच लावतात, घेवड्याचा वेल मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली ओल धरून ठेवतात, आपल्याकडे बाजरीत तूर-मटकी घेतात ना तसंच. पांढरा मका राखेच्या पाण्यात उकळून साल काढलेला होता, त्याचं सूप. एक आजी बोलल्या, थोडंच बोलल्या, आपल्या आईने मुलांशी मोहॉक बोलायचं का सोडलं एवढंच सांगितलं, मुलांना आपल्यासारखा मार बसू नये म्हणून. आता त्यांची नात वर्गाला जाते. पैसे याच कामाला जातात हे मला सगळ्यात पटलं.

पण खरं तुला सांगायचंय ते वेगळंच. घरी येताना आपल्यातलाच एक जण गाडीत म्हणाला, हे सगळं गोऱ्यांनी केलं, आपण तर नंतर आलो, आपला काय संबंध. मला हे अजिबात मान्य नाही. १७८४ मध्ये इंग्रजांनी ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन सिक्स नेशन्सला दिली होती, साडेनऊ लाख एकरांच्या आसपास, आज त्यातली पाच टक्केपण त्यांच्याकडे राहिलेली नाही. किचनर, वॉटरलू, ब्रॅन्टफर्ड सगळं त्या पट्ट्यात येतं. आमचं घर, आमचा गणपती बसतो तो हॉल, सगळं त्याच जमिनीवर. आणि या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये ज्या ९४ मागण्या मांडल्या त्यातली शेवटची तर सरळ आपल्यासारख्यांबद्दलच आहे, नागरिकत्वाच्या शपथेबद्दल. २०२१ पासून शपथेत मूळनिवासींचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार यांचा उल्लेख आहे, हात वर करून आपण ते बोलतो, मग संबंध नाही कसा? आपल्या मंडळात हा विषय काढणार आहे मी, वर्षातून एकदा तरी जेवणावळीचे पैसे त्या वर्गांना जावेत आणि पोरांना ब्रॅन्टफर्डला न्यावं. काही जण नाराज होतील, होऊ देत.

आता तुझ्याकडे काम आहे. आश्रमशाळा आणि या शाळा एकच असं मी मुळीच म्हणत नाहीये, तू पोरांसाठी काय करतोस ते मला माहीत आहे. पण तुझ्याकडची वारली आणि कोकणा पोरं सुट्टीत घरी जातात तेव्हा आजीकडून एकेक गोष्ट त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून आणतील का? आजी-आजोबांना आधी नीट विचारून, त्यांची हरकत नसेल तरच. मग ती वर्गात सगळ्यांना ऐकवायची. रेकॉर्डर नाहीतर फोन लागला तर मी पैसे पाठवतो, किती लागतील ते दिवाळीच्या सुट्टीआधी कळव. वहिनींना नमस्कार, पिंटीला पापा.

तुझाच,
दिल्या