पंप केल्यावर धरतो तो ब्रेक नव्हे

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुमच्या दुचाकीबद्दल सहज बोलून गेलात, "पुढचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की नुसता आत जातो, दोन-तीनदा पंप केला की मस्त धरतो." मागून आई म्हणाली, "महिनाभर हेच चाललंय." फोनवर वाद नको, म्हणून लिहितेय.

त्यात मस्त काही नाही. बहुतेक लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत, हवा शिरली आहे. ब्रेक ऑइल दबत नाही, म्हणून तर बोटांचा जोर थेट कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळच्या पकडीच्या, पिस्टनपर्यंत पोचतो आणि पॅड चाकाच्या डिस्कला आवळतात. हवा मात्र दबते. तुमचा अर्धा जोर ते बुडबुडेच खातात.

माझ्या गाडीला मागच्या वर्षी हेच झालं होतं. कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, तर आधी काळपट ऑइल आलं आणि मग बारीक बुडबुड्यांची माळच. लिव्हर दाबून धरायचा, निपल जरासा सैल करायचा, ऑइल आलं की घट्ट करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. मी एकदा लिव्हर आधी सोडला. हवा परत आत! पुन्हा पहिल्यापासून.

आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली म्हणून तुम्ही वरून ऑइल ओतलंत, ते मला पटलं नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, मागची जागा ऑइल भरतं, म्हणून पातळी उतरते. आधी पॅड बघायचे. दीड-दोन मिलिमीटरच उरले असतील तर बदलायचेच. कॅलिपर किंवा होजच्या जोडाशी ओल दिसली तर मात्र गळती, मग गाडी हलवूच नका.

ऑइल शेवटचं कधी बदललंय, आठवतंय? ते हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट 4 दर्जाचं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरलेलं 155च्या आसपासही उकळू शकतं. लांबच्या उतारावर ब्रेक तापला की त्याची वाफ होते, आणि लिव्हर पुन्हा पोकळ. म्हणून दर दोन वर्षांनी सगळंच बदलायचं.

"तोवर मागच्या ब्रेकवर भागवतो" म्हणू नका. ब्रेक मारला की भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. शिवाय मागे आई बसलेली असते.

आई, किल्ली तुझ्याकडे ठेव. शनिवारी नळी, पाना आणि सीलबंद बाटली घेऊन येते. बाबा, लिव्हर तुम्ही धरायचा, निपल मी बघते. मी म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

तुमची लेक