स्वतंत्र लाईन हवी, स्वतंत्र अर्थिंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील स्टिरिओसाठी थेट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाईन ओढून घ्यावी, असा सल्ला संगीतप्रेमी एकमेकांना नेहमी देतात. सल्ला योग्यच आहे. परंतु त्याच्या जोडीला ‘अर्थिंगही वेगळे करा, बाहेर नवा रॉड ठोका’ असे जे सांगितले जाते, ते जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

स्वतंत्र लाईन म्हणजे वेगळ्या एमसीबीपासून (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यापासून) निघालेल्या फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या अशा तीन तारा, की ज्यांवर दुसरे कोणतेही उपकरण नाही. काही वेळा फेजची तार नवी ओढली जाते आणि न्यूट्रल मात्र जवळच्या जुन्या सॉकेटमधून घेतली जाते; मग लाईन नावापुरतीच स्वतंत्र उरते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि त्याच तारांवर अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो. हा त्रास स्वतंत्र लाईनने बराच कमी होतो. तारेच्या जाडीचा मात्र उगाच बाऊ केला जातो. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम असतो. बोर्ड 20 मीटरवर असला तर जाऊन-येऊन 40 मीटर तारेत 5 अँपिअरला जेमतेम दीड व्होल्ट खर्ची पडतात. 4 चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट सुमारे 0.9 व्होल्टवर येते. 230 व्होल्टांत एवढा फरक कानाला कळेल असे मला वाटत नाही. तरी भिंत एकदाच फोडायची असल्याने जाड तार घालण्यास माझी हरकत नाही.

खरा लाभ वेगळाच आहे. अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर आणि त्याला जोडलेला संगणक दुसऱ्या लाईनवरील सॉकेटवर असला, की दोन्हींच्या अर्थिंगच्या पातळीत किंचित फरक पडतो, दोन्हींना जोडणाऱ्या सिग्नलच्या केबलवरील धातूच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकर सतत गुणगुणतात. सर्व उपकरणे एकाच लाईनवर, जवळजवळच्या सॉकेटांवर आणली, की ही गुणगुण बहुधा थांबते.

नेमक्या याच गुणगुणीला कंटाळून लोक वेगळा रॉड ठोकतात किंवा प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. घरच्या अर्थिंगला न जोडलेल्या रॉडचा जमिनीशी रोध 10 ओहम आहे असे धरू. बिघाड होऊन 230 व्होल्टची फेज अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला टेकली, तर रॉडमधून फार तर 23 अँपिअर वाहतील. सी प्रकारची 16 अँपिअरची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी किमान 80 अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी बराच वेळ पडणार नाही आणि तोवर पेटीला हात लावणाऱ्याच्या प्राणाशी गाठ असेल. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा खटका, अशा वेळी वाचवू शकते, परंतु तिच्या भरवशावर अर्थिंग तोडणे हा शहाणपणा नव्हे.

तेव्हा नव्या लाईनची अर्थिंगची तार फेज आणि न्यूट्रलसोबत एकाच पाईपमधून बोर्डापर्यंत आणून घरच्या मूळ अर्थिंगलाच जोडावी, काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे आणि स्टिरिओ जोडण्यापूर्वी अर्थिंगची सलगता (तार कुठेही तुटलेली वा सैल नाही ना, हे) त्याच्याकडून समक्ष मोजून घ्यावी, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक