मंत्रिमहोदय, जुहू विमानतळाच्या शंभरीआधी तिथल्या माणसांच्या आठवणी नोंदवा

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री

महोदय, स.न.वि.वि.

विलेपार्ल्याहून जुहूकडे जाताना ज्या भिंतीला वळसा घालावा लागतो, तिच्याआड देशातला पहिला नागरी विमानतळ आहे. आमच्या भागात हल्ली त्याचं नाव निघतं ते सोसायटीच्या सभेत, इमारतीच्या उंचीच्या ना-हरकत दाखल्यावरून (एनओसी) पुनर्विकास अडला की. रहिवाशांचा राग रास्तच आहे आणि तो प्रश्नही तुमच्याच दारी येतो. पण आज लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. २०२८ मध्ये या विमानतळाला १०० वर्षं होतील.

१९२८ साली इथे विमानं उतरू लागली तेव्हा हा सगळा सखल, दलदलीचा भाग होता. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचं, पस मॉथ. अहमदाबादला पेट्रोल भरलं, तेही बैलगाडीतून डब्यांनी आणलेलं, आणि दुपारी ते जुहूला उतरले. पुढचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. पुढे जिची एअर इंडिया झाली, त्या टाटांच्या टपालसेवेची जुहूतली कचेरी म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक खोपटी होती.

पावसाळ्यात मैदानात पाणी भरायचं आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. दरवर्षी! हे दुखणं जुहूला भोवलंच. महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला मोठ्या धावपट्ट्या झाल्या आणि युद्धानंतर प्रवासी विमानं तिकडे गेली. पार्ल्यातली जुनी माणसं २४ सप्टेंबर १९७२ ची गोष्ट अजून सांगतात. त्या दिवशी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि थेट पलीकडे गेलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आज इथून प्रामुख्याने हेलिकॉप्टर उडतात. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगारांची ने-आण इथूनच होते.

जेआरडींबद्दल भरपूर लिहिलं गेलं आणि ते योग्यच झालं. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा केलं, त्याचंही कौतुक झालं. पण विमानतळ एकट्या वैमानिकावर चालत नाही. इंजिन खोलून बसणारे मेकॅनिक, टपालाची पोती उतरवणारे हमाल, पावसाआधी सामान बांधून पुण्याला पाठवणारे कारकून, गुडघाभर चिखलातून विमान ढकलणारे हात, यांची नोंद कोणी ठेवायची? ज्यांनी आजोबांच्या तोंडून हे ऐकलं, तीही माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. जुहू गावठाण, इर्ला, पार्ले इथल्या घरांतून जुने फोटो आणि ओळखपत्रं पुनर्विकासाच्या आवराआवरीत रद्दीत जातात. हे मला फार लागतं.

शंभरीला मांडव पडेल, कोनशिला बसेल, भाषणं होतील. त्याआधी हे काम व्हावं. विमानतळ प्राधिकरणाने दोन-तीन इतिहास अभ्यासक नेमावेत. त्यांनी निवृत्त कर्मचाऱ्यांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे जाऊन मराठीत, गुजरातीत, कोंकणीत, ज्या भाषेत ती माणसं बोलतील त्या भाषेत आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. फोटो मूळ मालकाकडेच ठेवावेत, फक्त प्रत घ्यावी. जुन्या नोंदवह्या असतील तर त्यांचं स्कॅनिंग व्हावं. आणि हे सारं रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या खोलीत मांडावं, जिथे पालिका शाळेतल्या मुलाला सुरक्षा पासाशिवाय शिरता येईल. याला नवी जमीन लागत नाही, उड्डाणांना अडथळाही होत नाही.

हे आदेश आपण याच वर्षी काढावेत, ही कळकळीची विनंती. पार्ल्यातल्या घरोघरी फिरायला आमच्यासारखे रहिवासी अभ्यासकांबरोबर यायला तयार आहेत.

आपला,
विलेपार्ल्याचा एक रहिवासी