संगणकाआधी वही वाचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं दप्तर मी २१ वर्षं सांभाळलं. दोन्ही वेळची लिटरं, फॅट, दर, बिलं, सगळं हाताने. आता सीमाभागातल्या दूध संस्था, पतसंस्था, वाचनालयं दप्तर संगणकावर नेत आहेत. ते व्हायलाच हवं. पण आमची झालेली चूक इतरांची होऊ नये, म्हणून हे पत्र.

आमचा प्रोग्राम करणारा मुलगा हुशार होता. नमुन्याचं एक बिल घेऊन गेला आणि आठवड्यात सगळं तयार करून आला. वही त्याने मागितली नाही, मीही दाखवली नाही. त्याने सभासद ओळखला नावावरून. आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे तिघे पाटील आहेत. शिवाय शाळेच्या दाखल्यावरचा परशराम रेशन कार्डावर कन्नडमध्ये परशुराम होतो आणि आधारवर इंग्रजीत आणखी वेगळा. तिघांचं एक खातं झालं आणि एका परशरामची दोन. "अवो सेक्रेटरी, माजं दूद त्येच्या खात्यावर कसं गेलं?" असं विचारत एक म्हातारा दारात उभा राहिला, तेव्हा माझी मान खाली गेली. वहीत हा घोळ कधी झाला नव्हता, कारण तिथे प्रत्येकाला सभासद क्रमांक होता. डेटाबेसवाले, म्हणजे संगणकातलं दप्तर रचणारे, त्यालाच प्रायमरी की म्हणतात: कधी न बदलणारा, दुसऱ्या कुणालाही न दिलेला क्रमांक.

दुसरा घोळ दराचा. नवा दर भरला की मागची बिलंही नव्या दराने निघायची. दराचा तक्ता वेगळा हवा होता, आणि कोणता दर कोणत्या तारखेपासून हेही त्यात हवं होतं.

मग मी जमेल तसं वाचत गेलो. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते त्यांतल्या नोंदींनीच एकमेकांशी जोडावेत, हे आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी तक्ते पाडण्याआधी काढायची आकृती दाखवली. ती आम्ही डेअरीत कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढली: सभासद, संकलन, दर, बिल, आणि कुणाचं कुणाशी नातं. त्यातून तक्ते पाडले. मग नॉर्मलायझेशन, म्हणजे एक गोष्ट एकाच जागी. सभासदाचा पत्ता प्रत्येक बिलात लिहायचा नाही, दोन फोन नंबर एका रकान्यात कोंबायचे नाहीत. सॉफ्टवेअर कोणतं आणि इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची, कशावर, हे सर्वांत शेवटी.

पण खरा वेळ द्यायचा तो पहिल्या पायरीला, विचारण्याला. प्रोग्राम करणाऱ्याला एक पूर्ण बिल निघेपर्यंत दप्तर लिहिणाऱ्याशेजारी बसवा. नवं सुरू झाल्यावरही काही महिने वही चालू ठेवा. आणि नावासाठी मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन रकाने पहिल्याच दिवशी ठेवा. आपल्या भागात ते लागतातच.

आपला,
एक निवृत्त सेक्रेटरी,
ता. खानापूर, जि. बेळगाव