पाऊस लागायच्या आत सोसायटीचं अर्थिंग तपासून घ्यावं

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय: सामाईक अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर आणि खड्डा), प्रत्येक घरात आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि लहान मुलांची सुरक्षितता

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. वायरमनने फ्रीज तपासला, त्यात काही दोष नव्हता. आमचा मेन पाडला तरी सॉकेटच्या वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या भोकात टेस्टर पेटत होता. शेवटी वरच्या मजल्यावरचा गीझर बंद केल्यावर तो विझला. गीझरची कॉइल फुटली होती आणि तिचा करंट अर्थच्या वायरमधून आमच्या फ्रीजच्या पत्र्यावर येत होता. वरच्या घरच्यांचा यात काहीच दोष नाही. अर्थिंग धड असतं तर तो करंट जमिनीत गेला असता.

माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. फ्रीजला धरून उभा राहतो, अनवाणी असतो, हात तोंडातल्या लाळेने ओले. ओल्या, पातळ त्वचेतून करंट सहज शिरतो.

घरात करायचं ते मी केलं आहे. खालचे सॉकेट बदलून शटरवाले, म्हणजे भोकांच्या आत झडप असलेले बसवले. सॉकेटवर लावायची प्लास्टिकची टोपणं मुलं उपटतात आणि तोंडात घालतात. जमिनीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड काढला, बादलीतला हीटरचा रॉड कायमचा बंद केला. पण सगळ्या इमारतीचं अर्थिंग एकच आहे. ते मी एकटी दुरुस्त करू शकत नाही, म्हणून हे पत्र.

पंपघरामागचा अर्थिंगचा खड्डा आपण एकदा स्वतः पाहावा. झाकणाच्या जागी चिरा टाकलेला आहे. पट्टी खाऱ्या हवेने इतकी गंजली आहे की बोट लावलं तर पापुद्रे निघतात आणि नट हाताने फिरतो. त्यात आपली जमीन जांभ्याची. पाणी धरत नाही, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत करंट नीट मुरत नाही. म्हणून जमीन करंटला किती अडवते (हे ओहममध्ये मोजतात) याचं रीडिंग मे महिन्यातच घेतलं पाहिजे. पावसात माती भिजली की ओहमचा आकडा कमी, म्हणजे छान येईल, सगळं ठीक वाटेल आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच. लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडून मोजून घेऊन आकडा लेखी मागवावा आणि नोटीस बोर्डावर लावावा.

दुसरी गोष्ट आरसीसीबीची. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं बरेच जण सांगतात. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेला तरच पडतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, आणि साधारण १० ते १५ मिलिअँपिअरलाच मोठ्या माणसाची मूठ वळते, धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आत गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो. फरक पडला की सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो. मात्र तो ज्या घरात बिघाड आहे त्याच घरात असावा लागतो. वरच्या गीझरचा करंट माझा आरसीसीबी थांबवू शकत नाही. म्हणून सोसायटीने ठराव करून तो प्रत्येक फ्लॅटमध्ये बसवावा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहायचं, एवढंच. मुलाने फेज आणि न्यूट्रल (सॉकेटची खालची दोन भोकं) दोन्हीत तार घातली तर मात्र तोही पडेलच असं नाही, त्यासाठी शटरवाले सॉकेट लागतातच.

मीटर रूमला कुलूप नाही. मे महिन्यात मुंबईहून नातवंडं येतात, लपाछपीत मुलं मीटरच्या मागे लपलेली मी पाहिली आहेत. कुलूप उद्याच लागू शकतं. आणि गणपतीत जिन्याच्या लोखंडी कठड्याला दिव्यांच्या माळा गुंडाळणं या वर्षीपासून बंद करावं. माळेची वायर सोलली तर सगळ्या कठड्यात करंट उतरतो. माळा मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, भिंतीला लावू.

खर्चाचा प्रश्न निघेल, तर दुरुस्ती निधीतून अर्थिंग व्हावं आणि आरसीसीबीचे पैसे ज्याने त्याने द्यावेत असं मला वाटतं. जी दोन-तीन घरं पेन्शनवर चालतात, त्यांचं आपण बाकीचे वाटून घेऊ. माझा हिस्सा मी आजच द्यायला तयार आहे. येत्या रविवारच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद